आम्हीच, आम्हीही, आम्ही तर

जंगलाकडेच्या वाटेवर सकाळी पंजाचे ठसे दिसतात आणि चार माणसे त्यांच्याभोवती उभी राहून बोलू लागतात. चंद्रपूर जिल्ह्यात यात नवल काही नाही. एकजण म्हणतो, "वाघच या वाटेने गेला." दुसरा म्हणतो, "वाघ याच वाटेने गेला." तिसरा म्हणतो, "वाघ या वाटेनेच गेला." चौथा म्हणतो, "वाघ या वाटेने गेलाच." चौघांचे शब्द तेच आहेत, शब्दांचा क्रमही तोच आहे. जागा बदलली आहे ती एका अक्षराची. तरीही चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

पहिल्याने बिबट्याची शंका मोडून काढली. दुसऱ्याने दोन वाटांपैकी एक पक्की केली. तिसरा सांगतो आहे की जनावर झुडपातून किंवा नाल्यातून गेले नाही, माणसांच्या रुळलेल्या वाटेवरून गेले. चौथ्याला जनावर कोणते, वाट कोणती यांबद्दल वाद घालायचाच नाही. तो गेला की नाही, एवढाच त्याचा प्रश्न आहे. रात्रभर शेकोटी पेटती ठेवली, डबे वाजवले, तरी तो गेलाच, अशी हळहळही त्या वाक्यात मावते.

शाळेच्या व्याकरणात 'च', 'ही', 'तर', 'मात्र' यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. शुद्ध अशासाठी, की ती जोडल्यावर आधीच्या शब्दाचे रूप बदलत नाही. 'वाघासाठी' म्हणताना वाघाचा 'वाघा' होतो, पण 'वाघच' म्हणताना वाघ तसाच राहतो. व्याकरण बहुतेक वेळा इथेच थांबते. ही अव्यये अर्थात काय करतात, आणि एकाच्या जागी दुसरे घातले तर नेमके काय बिघडते, ते समजून घ्यायला थोडे पुढे जावे लागते.

न बोललेली यादी

जोर देणे म्हणजे आवाज चढवणे, असा आपला समज असतो. आवाज चढतो हे खरे, पण जोराचे मुख्य काम दुसरेच आहे. जोर देताना आपण ऐकणाऱ्याच्या मनात एक यादी उभी करतो. 'वाघच' म्हटले की बिबट, तडस, रानकुत्रा अशी जनावरांची यादी उभी राहते. 'याच वाटेने' म्हटले की वाटांची यादी उभी राहते. यादीतले एकही नाव बोलणाऱ्याने घेतलेले नसते, पण ती यादी नसेल तर 'च'ला अर्थच उरत नाही. मॅट्स रूथ या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली आपल्या प्रबंधात हाच विचार काटेकोर रीतीने मांडला आणि पुढे जगभरच्या भाषांच्या अभ्यासात तो वापरला गेला.

शेताला काट्याचे कुंपण घालावे तसे 'च' आपल्या आधीच्या शब्दाभोवती कुंपण घालतो. यादीतला एकजण आत राहतो, बाकीचे बाहेर. 'ही' त्या कुंपणाचे फाटक उघडतो. 'वाघही या वाटेने गेला' म्हणजे आधी कोणीतरी गेलेले आहे, आता त्यात वाघाची भर पडली. 'तर' यांपैकी काहीच करत नाही. 'वाघ तर गेला' म्हणणारा एकाबद्दल बोलून मोकळा होतो आणि बाकीच्यांबद्दल बोलणे राहिले आहे, एवढे सुचवतो. गाय सापडली का, गुराखी कुठे आहे, हे प्रश्न त्या 'तर'मध्ये अडकलेले असतात. म्हणून 'मी तर जेवलो' हे वाक्य ऐकल्यावर घरातले लगेच विचारतात, "मग कोण राहिले?"

'ही'ला आणखी एक काम आहे. 'वाघालाही आगीची भीती वाटते' या वाक्यात नुसती भर नाही. इथे मनातली यादी क्रमाने लावलेली असते आणि ज्याच्याबद्दल सर्वांत कमी अपेक्षा होती त्याचे नाव आपण घेतो. या कामाला 'सुद्धा' अधिक शोभतो. 'देखील' तेच काम करतो, पण तो लिहिण्यात जास्त दिसतो. 'मी पण येतो'मधला 'पण' बोलण्यात चालतो, लिहिताना मात्र तो 'परंतु'चा भाऊ वाटून वाचणारा अडखळतो.

जोर हव्या त्या शब्दाला चिकटवण्याची ही सोय इंग्रजी बोलणाऱ्यांना नाही. त्यांचा 'ओन्ली' बहुधा क्रियापदाआधी बसतो आणि तो कशाला लागू आहे हे आवाजाच्या चढउतारावरून कळते. बोलताना त्यांचे भागते, पण कागदावर आवाज नसतो, म्हणून त्यांच्या लेखनाच्या पुस्तकांत 'ओन्ली' कुठे ठेवावा यावर इशारे दिलेले असतात. मराठीत 'च' थेट शब्दाला चिकटतो. ऐकू न येणारा जोर कागदावर दिसतो, हे आपल्या भाषेचे मोठे बळ आहे.

मेंढ्याची घोषणा

या बळाचे सर्वांत चांगले उदाहरण माझ्या मते गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. शेजारच्या लेखा गावाच्या नावाला जोडून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले आणि त्यासोबत एक घोषणाही सगळीकडे पोचली: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

ही घोषणा सावकाश वाचा. तिच्या पहिल्या अर्ध्यात 'च' नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचेच सरकार' असे म्हटले असते तर तो इतरांना बाहेर काढणारा दावा झाला असता. 'आमचे' म्हणताना गाव दिल्लीचे आणि मुंबईचे सरकार स्वतःचे मानते, त्यावर एकट्याचा हक्क सांगत नाही. दुसऱ्या अर्ध्यात मात्र 'च' येतो. शिवाय 'आमचे'चे 'आम्ही' होते. सरकार गावाच्या मालकीचे आहे असे ते म्हणत नाहीत, गाव स्वतःच सरकार आहे असे म्हणतात.

त्यात 'आम्ही' हा शब्दही फार नेमका आहे. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा आत येतो, 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा तो आहे. घोषणा ऐकणारा बाहेरून आलेला अधिकारी असेल तर 'आम्हीच'ने त्याला दोनदा बाहेर ठेवले: एकदा 'आम्ही'ने, एकदा 'च'ने. आणि 'दिल्ली-मुंबई'च्या ओळीने त्याच्याशी असलेले नातेही राखले. जिथे एका बाजूने बंदुकीच्या जोरावर सरकार नाकारले जात होते, त्या जिल्ह्यात हे वाक्य इतक्या तोलाने उभे राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

गडचिरोलीत गोंडीतली एक घोषणाही ऐकू येते: "मावा नाटे मावा राज". आमच्या गावात आमचे राज्य, असा तिचा अर्थ. तिच्यात वेगळे अव्यय नाही. 'मावा' दोनदा येतो आणि त्या पुनरुक्तीनेच जोर मिळतो. भाषा वेगळी, साधन वेगळे, पण काम तेच.

या 'च'ची कसोटी पुढे कागदावर लागली. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्यात बांबू गौण वनोपजात धरलेला आहे, म्हणजे तो तोडून विकण्याचा हक्क गावाचा. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो कोणी द्यायचा यावर गाडे अडले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेकडे सोपवले. 'परवाना ग्रामसभाही देईल' आणि 'परवाना ग्रामसभाच देईल' या दोन वाक्यांतले अंतर किती असते, हे त्या मधल्या काळात गावाने अनुभवले.

चौकट: घोषणेतला 'च' हलवून पाहा

आमच्या गावात आम्हीच सरकार: गाव स्वतःच सरकार आहे, इथे दुसरे कोणी नाही.
आमच्या गावातच आम्ही सरकार: गावाच्या शिवेबाहेर आमचा अधिकार नाही. 'च' आता बोलणाऱ्यालाच आखडतो.
आमच्याच गावात आम्ही सरकार: इतर गावांत असे नाही, किंवा त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
आमच्या गावात आम्हीही सरकार: बाहेरचे सरकार आहेच, त्यात आमची भर.
आमच्या गावात आम्ही तर सरकार: आमचे सांगितले, तुमचे तुम्ही पाहा.

जुन्या पंडितांचा एवकार

'च'च्या जागेवरून अर्थ बदलतो, हे आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांनी फार पूर्वी हेरले होते. संस्कृतात हे काम 'एव' हा शब्द करतो. म्हणूनच मराठीत आजही ठाम विधानाला 'एवकार लावला' असे म्हणतात. सातव्या शतकातला बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती याने 'एव'ची तीन कामे वेगळी केली आणि पुढच्या नैयायिकांनी ती विभागणी उचलून धरली. त्यांची पारिभाषिक नावे लांबलचक आहेत, पण विचार सोपा आहे. त्यांची नेहमीची उदाहरणे शंख, पार्थ आणि निळे कमळ ही. आपण ती चंद्रपुरात आणू.

'कोळसा काळाच असतो.' इथे 'च' गुणाला लागला. कोळसा आहे आणि काळेपणा नाही, असे होत नाही, एवढेच वाक्य म्हणते. इतर वस्तू काळ्या असायला त्याची हरकत नाही. घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणींकडे पाहून हे वाक्य कोणीही मान्य करील.

'कोळसाच काळा असतो.' आता 'च' वस्तूला लागला आणि वाक्य खोटे झाले. अस्वल काळे असते, कावळा काळा असतो, कापसाची जमीन काळी असते. या 'च'ने त्या सगळ्यांना बाहेर काढले. मेंढ्याचा 'आम्हीच' या दुसऱ्या जातीचा आहे.

'काळा बिबट असतोच.' हा 'च' क्रियापदाला लागला. सगळे बिबटे काळे असतात असे हे वाक्य म्हणत नाही, बहुतेक असतात असेही म्हणत नाही. 'काळा बिबट म्हणजे गप्पा, असा कुठे असतो का?' या पूर्ण नकाराला ते उत्तर देते. त्यासाठी एक उदाहरण पुरते, आणि २०१८ मध्ये ताडोब्यात पर्यटकांना काळा बिबट दिसलाही.

सुरुवातीच्या चार वाक्यांकडे परत पाहिले तर चौथे या तिसऱ्या जातीत बसते. क्रियापदाला लागलेला 'च' कोणालाही बाहेर काढत नाही. तो 'नाही' म्हणणाऱ्याला उत्तर देतो. त्यात कधी नाइलाजही येतो: 'शेवटी तो गेलाच.' आणि 'थांबा, आलोच' म्हणताना तोच 'च' वेळ आवळतो. 'येतो' म्हणणारा संध्याकाळी येईल, 'येतोच' म्हणणारा चहा निवायच्या आत.

मराठी 'च' आला कुठून? संस्कृतातल्या 'च'चा अर्थ 'आणि', त्यामुळे तो हा नव्हे. 'च' आणि 'एव' मिळून झालेला 'चैव' प्राकृतात 'चेअ', 'चिअ' असा झिजला आणि ज्ञानेश्वरांच्या मराठीत तो 'चि' म्हणून दिसतो, असा अभ्यासकांचा उलगडा आहे. म्हणजे त्या इवल्या अक्षरात जुना 'एव' अजून जिवंत आहे.

एका जिल्ह्यात अनेक जोर

गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. या जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगालीही बोलली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांची गावे आहेत. 'मी' म्हणजे तेलुगूत 'नेनु' आणि 'मीच' म्हणजे 'नेने'. शेवटचा स्वर बदलून त्यांनी कुंपण घातले. बंगालीत 'आमि'चे 'आमिइ' केले की 'मीच' आणि 'आमिओ' केले की 'मीही'. दोन स्वरांत त्यांचे काम भागते. छत्तीसगढीत जोरासाठी मराठीसारखाच 'च' आहे. दक्षिणेकडच्या दखनी उर्दूने तर मराठीचा 'च' सरळ उचलला आणि हैदराबादेत 'मैंच' म्हणू लागली. शब्द उसने घेणे सोपे असते. शब्दाला चिकटणारी अव्यये भाषा त्यामानाने कमी उसनी घेते, कारण ती बोलण्याच्या फार आत असतात. ती घेतली गेली, यावरून किती जवळची वस्ती होती ते कळते.

घोटाळा होतो तो हिंदीशी. हिंदीत 'ही' म्हणजे आपला 'च', आणि आपल्या 'ही'ला त्यांचा 'भी'. 'मैं ही जाऊंगा' म्हणणारा इतरांना घरी बसवतो. 'मीही जाईन' म्हणणारा इतरांबरोबर निघतो. अक्षर तेच, अर्थ बरोबर उलटा. हिंदी आणि मराठी रोज मिसळणाऱ्या बाजारगावात शाळकरी मुलांच्या वहीत ही चूक हमखास सापडते. गंमत अशी की बोली बोलणाऱ्या आजीची ही चूक होत नाही, कारण ती 'मी बी येतो' म्हणते. 'बी' आणि 'भी' यांत गोंधळ व्हायला जागाच नाही. इथे बोली प्रमाण भाषेपेक्षा अधिक सुरक्षित आहे, असे मी म्हणेन.

फक्त, नुसते, निव्वळ

'फक्त' आणि 'च' एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते, पण पाहुणा म्हणून गेल्यावर फरक कळतो. 'मला फक्त पाणी द्या' यात संकोच आहे: चहा-फराळाचा त्रास नको. 'मला पाणीच द्या' यात हट्ट आहे: सरबत आणले तरी घेणार नाही. 'फक्त' जास्तीचे नाकारतो, 'च' वेगळे नाकारतो. 'नुसते पाणी दिले' यात तक्रार आहे, अपेक्षा जास्त होती. 'हे दूध निव्वळ पाणी आहे' यात आरोप आहे. 'केवळ' गंभीर आहे आणि भाषणात शोभतो. पावतीवर 'रुपये पाचशे मात्र' लिहितात तिथला 'मात्र' पुढे शून्य वाढवू देत नाही. आणि 'तो आला, ती मात्र आली नाही' यातला 'मात्र' दोघांना समोरासमोर उभे करतो.

मजुरीच्या, लिलावाच्या, करारांच्या कागदावर सर्वांत जपून पाहायचा शब्द 'तरच'. 'पाने वाळली तर पैसे मिळतील' आणि 'पाने वाळली तरच पैसे मिळतील' ही दोन वाक्ये तेंदूपाने तोडणाऱ्या बाईसाठी सारखी नाहीत. पहिल्यात पाने वाळली नाहीत तर काय, हे सांगितलेले नाही. आधीच्या बोलण्यावरून ती काही मागू शकते. दुसऱ्यात ती वाट बंद झाली. 'तरी' आणि 'तरीही' उलट दिशेने चालतात: पाऊस आला तरी पैसे मिळतील, म्हणजे अट उडाली. 'तर'चे 'तरच' झाले की एका अक्षराने जोखीम ठेकेदाराच्या खांद्यावरून मजुराच्या खांद्यावर जाते. अंगठा उठवण्याआधी हे अक्षर वाचून घेतलेच पाहिजे.

नाही, नाहीच, मुळीच नाही

नकाराला जोर देण्याची रीत सगळ्या जगात जवळजवळ सारखी आहे: सर्वांत लहान वस्तू घ्यायची आणि ती नाकारायची. लहानात लहान नाही म्हटले की मोठे आपोआप गेले. म्हणून तिळमात्र शंका नाही, कणभर दया नाही, एक दाणाही उरला नाही. पैशाच्या बाबतीत आपण कवडी, दमडी आणि छदाम धरून बसलो आहोत. ही चलने बाजारातून कधीच गेली, पण 'एक छदामही देणार नाही' म्हणणाऱ्याला ती अजून लागतात. गेलेल्या नाण्यांना नकाराने जिवंत ठेवले आहे.

'मुळीच', 'अजिबात' आणि 'बिलकुल' यांत फरक आहे. 'मुळीच'मध्ये 'मूळ' आहे. तो प्रश्नाचा पायाच नाकारतो: 'मला मुळीच माहीत नव्हते.' 'अजिबात' प्रमाणाचा आहे आणि तो आज्ञेत जास्त खुलतो: 'अंधारात त्या नाल्याकडे अजिबात जाऊ नको.' हे दोन्ही नकाराशिवाय चालत नाहीत. 'मी अजिबात येईन' असे कोणी म्हणत नाही. 'बिलकुल' होकारातही चालतो, 'बिलकुल बरोबर' म्हणता येते. 'कधीच नाही' हा काळाचा नकार, त्याला प्रमाणाशी कर्तव्य नाही.

काळाकुट्ट आणि काळाभोर

आतापर्यंतच्या जोरात कोणीतरी बाहेर जात होते. रंगांच्या जोरात कोणी बाहेर जात नाही, बोलणाऱ्याची नजर आत येते. कोळशाचा ढीग काळाकुट्ट असतो, केस काळेभोर असतात. काळाभोर कोळसा म्हटले तर ऐकणारा थबकेल, कारण 'भोर'मध्ये कौतुक आहे आणि 'कुट्ट'मध्ये नाही. अंघोळ घातलेली म्हैस काळीकुळकुळीत, तिथे चकाकी आणि निरोगीपणा आला. काळोख मात्र मिट्टच.

लाल रंगात तर भावांची वाटणीच झाली आहे. रागावलेला चेहरा लालबुंद, कारण रक्त चढले. लग्नातली साडी लालभडक, लांबून दिसणारी. पोपटाची चोच लालचुटूक, लहान आणि गोड. धुतलेला सदरा पांढराशुभ्र, भ्यायलेला चेहरा पांढराफटक. भाताच्या बांध्या श्रावणात हिरव्यागार, हातातला चुडा हिरवाकंच: 'गार' पसरलेल्या हिरव्याला लागतो, 'कंच' गडद हिरव्याला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत राहणाऱ्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

या जोडशब्दांचा दुसरा भाग काही वेळा पहिल्याचाच अर्थ पुन्हा सांगतो. 'शुभ्र' म्हणजे पांढराच. 'थंडगार'मधले 'गार' म्हणजे थंडच. 'पिवळाजर्द'मधला 'जर्द' हा फारसीतला पिवळा. पुढे मूळ अर्थ विसरला गेला आणि पान खाऊन तोंड लालजर्द झाले, असेही आपण म्हणू लागलो. रंग गेला, जोर उरला.

नुसत्या पुनरुक्तीतही भेद आहे. आलापल्लीच्या जंगलात उंच उंच साग आहेत म्हटले की पुष्कळ झाडे डोळ्यांपुढे येतात, प्रत्येक उंच. त्यातला एक साग उंचच उंच आहे म्हटले की मान वर करून एकाच झाडाकडे पाहावे लागते. 'पाऊस चांगला झाला' म्हणणारा शेतकरी समाधानी असतो. 'पाऊस चांगलाच झाला' म्हणणाऱ्याच्या बांध्या कदाचित फुटलेल्या असतात.

वाक्याच्या शेपटाशी

शेवटी बसणारे 'ना', 'की', 'बरं' हे शब्द माहितीला जोर देत नाहीत, नात्याला देतात. 'येतो ना' यात आश्वासन आहे. 'येतो की' यात 'तुला शंका का आली' हा प्रश्न आहे. 'येतो बरं का' यात नुसते कळवणे आहे. झाडीपट्टीच्या झाडीबोलीत याला माणसाची जोड मिळते. बरोबरीच्या पुरुषाला 'येतो ना गा', बाईला 'येतो ना वो', वडीलधाऱ्याला 'येतो ना जी'. एकाच जोरात आदर, वय आणि जवळीक मोजली जाते. प्रमाण मराठीत हे काम 'रे', 'गं', 'हो' करतात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचे शब्द जमवले आणि तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. त्या बोलीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'र' होतो, हे पुष्कळांना माहीत असते. वाक्याच्या शेपटाशी येणाऱ्या या छोट्या शब्दांकडे मात्र कमी लोकांचे लक्ष जाते, आणि बोली विसरताना माणसे पहिल्यांदा हेच शब्द टाकतात.

ठराव लिहिणाऱ्यांसाठी

गडचिरोली आणि चंद्रपुरातल्या पुष्कळ ग्रामसभा आज बांबू, तेंदूपाने, मोहफूल यांचे व्यवहार स्वतः करतात. ठराव लिहिणारा बहुधा गावातलाच शिकलेला तरुण किंवा तरुणी असते. त्यांच्यासाठी तीन वाक्ये देतो. 'ग्रामसभाच बांबू विकेल.' 'ग्रामसभा बांबूच विकेल.' 'ग्रामसभा बांबू विकेलच.' पहिल्याने ठेकेदाराला बाजूला केले. दुसऱ्याने मोहफूल आणि तेंदू विकण्याचा गावाचा मार्ग गावानेच बंद केला. तिसऱ्याने विक्रीचे वचन दिले, आणि भाव पडला तरी थांबायला जागा ठेवली नाही. लिहिणाऱ्याच्या मनात पहिले असते आणि घाईत हातून दुसरे उतरते, असे होऊ शकते. म्हणून सह्या होण्याआधी ठराव सभेत मोठ्याने वाचा, प्रत्येक 'च'पाशी थांबा आणि या 'च'ने कोण बाहेर गेले, ते सगळ्यांना विचारा.